‘दे’ म्हणजे नक्की कोण?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, बँकेत द्यायचे कागद, आणि मधूनमधून परदेशातल्या गिऱ्हाइकांना ई-मेल. कागदपत्रांना इंग्रजी फारसं लागतच नाही. रकाने ठरलेले, त्यात भरायचे शब्द ठरलेले. ‘हंड्रेड पर्सेंट कॉटन टेरी टॉवेल्स’ एवढं एकदा बिनचूक लिहिता आलं की पुढं वर्षानुवर्षं तेच उतरवायचं. ई-मेलचं तसं नाही. तिथं सबंध वाक्यं लागतात, आणि सबंध वाक्य म्हटलं की त्याच्यामागोमाग सर्वनामं आलीच.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजीत भीती असते ती काळांची, नाहीतर स्पेलिंगची. सर्वनामांना कुणी भीत नाही. तक्ता पाठ असतो ना! आय-मी-माय-माइन, ही-हिम-हिज, शी-हर-हर्स. तो तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येत असताना पुन्हा पहिल्यापासून सर्वनामं शिकायला बसायची पाळी माझ्यावर आली, ती एका तक्रारीमुळं. आणि ती तक्रार लिहिणारा गृहस्थ जन्मानं इंग्रज होता.

कंटेनर पोचल्यावर त्याचा मेल आला. टॉवेल खोक्यांत होते आणि बाथमॅट गाठी बांधून पाठवल्या होत्या. त्यानं लिहिलं होतं, ‘द बेल्स वेअर स्टॅक्ड अगेन्स्ट द कार्टन्स अँड दे वेअर डॅम्प.’ गाठी खोक्यांना लावून रचल्या होत्या, आणि... ओलं काय होतं? गाठी की खोकी? गाठी ओल्या असतील तर माल भिजला, म्हणजे मोठा क्लेम. खोकी ओली असतील तर पुठ्ठा दमट झाला, आतल्या पिशव्यांनी टॉवेल वाचवले असणार. शेठ म्हणाले, खोकीच असणार. पॅकिंगवाले म्हणाले, आमची खोकी ओली होणं शक्य नाही, गाठीच असतील. डिस्पॅच बघणारे अण्णा म्हणाले, कंटेनर भरला तेव्हा ढगसुद्धा नव्हते आभाळात. जो तो ‘दे’चा अर्थ आपल्या सोयीनं लावत होता, आणि इंग्रजी वाक्य सगळ्यांनाच वाव देत होतं.

हेच वाक्य कुणी मराठीत लिहिलं असतं तर भांडण झालंच नसतं. ‘ओल्या होत्या’ म्हटलं की गाठी, ‘ओली होती’ म्हटलं की खोकी. आपलं विशेषण आणि क्रियापद नामाचं लिंग बरोबर घेऊन फिरतं. इंग्रजीतलं ‘दे’ घेत नाही. मी उलट मेल करून विचारलं, त्याचं उत्तर आलं: खोकी, वरच्या रांगेतली, आतला माल कोरडा. प्रकरण मिटलं. पण ती छापील प्रत मी पर्समध्ये ठेवली आणि त्या शनिवारी रेल्वे लाईन्स भागात शाळेतल्या आमच्या इंग्रजीच्या बाईंकडं गेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालीत, पण लाल पेन अजून टेबलावरच असतं.

बाईंनी वाक्य वाचलं, ‘दे’भोवती गोल केला आणि तिथून दोन बाण मागं नेले. एक ‘बेल्स’वर, एक ‘कार्टन्स’वर. म्हणाल्या, “हे बघ. बाणाला उतरायला दोन जागा असल्या तर वाक्य वाईट. एकही नसली तर त्याहून वाईट. मग लिहिणारा लंडनचा असो नाहीतर लिमयेवाडीचा.” आणि मला गृहपाठ दिला: ऑफिसातले गेल्या महिन्यातले सगळे जाणारे-येणारे मेल छापून आणायचे आणि प्रत्येक सर्वनामातून बाण काढायचा. तक्ता म्हणून दाखवायला त्यांनी मला एकदाही सांगितलं नाही.

बाण काढायला लागल्यावर जे दिसलं त्यानं मी चक्रावले. पहिलं म्हणजे, कितीतरी ठिकाणी सर्वनामच नव्हतं! जुन्या फायलीत वाक्यं होती, ‘रिसीव्ड युवर सॅम्पल. इज गुड. विल सेंड टुमॉरो.’ हे आपलंच मराठी, इंग्रजी कपडे घातलेलं. ‘सॅम्पल मिळालं. चांगलं आहे. उद्या पाठवतो.’ यात ‘मला’, ‘ते’, ‘मी’ कुठंच नाही आणि कुणाचं काही अडत नाही. ‘आला का?’ ‘आला.’ संभाषण संपलं. आलेला पुरुष आहे, एकच आहे आणि त्याच्याशी आपली सलगी आहे, एवढं सगळं त्या एका ‘आला’नं सांगून टाकलं. आली, आलं, आले, आल्या. क्रियापद इतकं बोलकं असलं की कर्ता गप्प बसला तरी चालतो.

इंग्रजी क्रियापद मुकं आहे. ‘केम’ म्हटल्यावर कोण आलं, बाई का बुवा, एक का दहा, काही कळत नाही. जुन्या इंग्रजीत क्रियापदांना पुष्कळ प्रत्यय होते, ते शतकांच्या ओघात झिजून गेले, आणि सांगण्याचं सगळं काम सर्वनामावर येऊन पडलं. म्हणून बाई म्हणायच्या, “मराठीत कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येते. इंग्रजीत ठेवता येत नाही. बसायला कुणी नसलं तर ‘इट’ला बसवायचं.” पाऊस पडतोय, तर ‘इट इज रेनिंग’. उशीर झालाय, तर ‘इट इज लेट’. या ‘इट’मधून बाण काढायला गेलं तर तो कुठंच उतरत नाही. बाईंच्या नियमाला हा एक अपवाद, आणि तो त्यांनी स्वतःच सांगितला: हवा, वेळ, अंतर यांच्या वाक्यातला ‘इट’ नुसता जागा भरायला असतो, त्याला कोण म्हणून विचारायचं नाही.

‘मला’नं सुरू होणारी आपली वाक्यं ही आणखी एक गंमत. मला भूक लागली, मला तो रंग आवडला, मला कन्नड येत नाही. मराठीत भूक येऊन लागते, रंग आवडतो, कन्नड येते. आपण नुसते निमित्त. इंग्रजीत या तिन्ही वाक्यांत ‘आय’ पुढं येऊन उभा राहतो. त्यात पुन्हा इंग्रजीतलं ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’, आणि आपलं ‘मी’ म्हणजे त्यांचं ‘आय’. ‘ही’ म्हणजे आपल्याकडं बायको, त्यांच्याकडं बाप्या. हे सगळं देवनागरीत लिहायला बसलं की पोरं हसतात, आणि हसली की लक्षात ठेवतात, हा माझा अनुभव.

आता आदराचं सांगते, कारण सगळ्यात जास्त लाल शाई तिथंच सांडली होती.

आमच्या फायलीत एक जुनं पत्र आहे, माझ्या आधीच्या कुणीतरी लिहिलेलं. ‘अवर डायरेक्टर हॅज गॉन टू मुंबई. दे विल रिप्लाय ऑन मंडे.’ त्याच्याखाली गिऱ्हाइकाची विचारणा: डायरेक्टरखेरीज आणखी कुणाकुणाची मंजुरी लागते, त्यांची नावं कळवा. त्या बिचाऱ्याला वाटलं, कमिटी बसणार आहे. बसणार होते एकटे शेठ. पण शेठना ‘ते’ म्हणायची सवय असलेल्या माणसाच्या हातून ‘दे’च उतरणार. ‘ही’ लिहिणं म्हणजे ‘तो मुंबईला गेलाय’ असं म्हटल्यासारखं वाटतं. मलाही शेठबद्दल ‘ही’ लिहिताना हात अडायचा, आणि मेल सीसीमध्ये त्यांच्याकडंच जाणार असला की जास्तच.

बाई यावर म्हणाल्या, इंग्रजीत आदर सर्वनामात नसतोच, तो इतर ठिकाणी जातो. नावाआधीच्या ‘मिस्टर’मध्ये जातो, ‘कुड यू’ आणि ‘वुड यू’मध्ये जातो, वाक्याच्या लांबीत जातो. ‘ही’ला ना मान ना अपमान. राजालाही ‘ही’ आणि रिक्षावाल्यालाही ‘ही’. मग मी ठेवणीतला प्रश्न काढला, की इंग्रजीत सगळ्यांना अरे-तुरेच करतात ना? त्यावर त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, “अगं, नेमकं उलटं आहे. सगळ्यांना अहो-जाहो करतात.”

इंग्रजीत पूर्वी ‘दाऊ’ होता, तो म्हणजे आपला ‘तू’. ‘यू’ होता अनेकांसाठी, आणि पुढं एकट्या मोठ्या माणसासाठीही, म्हणजे हुबेहूब आपला ‘तुम्ही’. हळूहळू लोक कुणालाच ‘दाऊ’ म्हणेनासे झाले. उगाच कुणाला राग नको. सतराव्या शतकात तो रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच. क्वेकर पंथाचे लोक तेवढे हटून बसले, देवापुढं सगळे सारखे म्हणून न्यायाधीशालाही ‘दाऊ’ म्हणायचे आणि शिक्षा भोगायचे. बाकी सगळे ‘यू’वर आले. म्हणून तर समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’, ‘यू इज’ कधीच नाही. क्रियापदानं जुनं अनेकवचन अजून सोडलेलं नाही. आपल्या ‘तुम्ही आहात’सारखंच. हे ऐकल्यावर ‘यू’ लिहिताना मला कधी उद्धट वाटलं नाही.

‘ही’ आणि ‘शी’चा घोळ मात्र आदराशीच जोडलेला आहे, हे बाण काढताना दिसलं. मराठीत मॅडम आल्या, त्या बसल्या, इथवर बाईमाणूस आहे हे कळतं. पण पुढं ‘त्यांनी सही केली’, ‘त्यांना कळवा’, ‘त्यांचं म्हणणं’ आलं की शेठ आणि मॅडम एकाच ‘त्यां’मध्ये जातात. मनात ‘त्यांचं’ असतं, इंग्रजीत ‘हिज’ का ‘हर’ ते क्षणात ठरवायचं असतं, आणि बोटं जे जवळ असेल ते दाबतात.

आमचे डाइंग मास्तर, म्हणजे माल रंगवायचं बघणारे, शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. त्यांची अडचण आणखी वेगळी. तेलुगूत बाई आली तरी ‘वच्चिंदि’ आणि बस आली तरी ‘वच्चिंदि’. क्रियापद पुरुषाला तेवढं वेगळं. जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, दुरुस्तीला परदेशी इंजिनियर आला होता तेव्हा मास्तर त्याला शेडमध्ये घेऊन गेले आणि म्हणाले, ‘शी इज नॉट वर्किंग सिन्स मॉर्निंग.’ इंजिनियर लूमच्या पलीकडं बॉबिन बदलणाऱ्या मावशींकडं बघायला लागला. मावशी घाबरून आणखी जोरात हात चालवायला लागल्या. मास्तरांचं म्हणणं, मशीन आपल्याकडं ‘ती’च आहे, त्यात माझं काय चुकलं? पंखा तो, खुर्ची ती, पुस्तक ते. निर्जीव वस्तूला लिंग न देणं ही इंग्रजीची रीत, जगातल्या कितीतरी भाषांची नव्हे.

त्यावर मी मास्तरांना जहाजाचं सांगितलं आणि पस्तावले. इंग्रजीत जहाजाला ‘शी’ म्हणायची जुनी चाल आहे. जहाजवाहतुकीच्या जुन्या पत्रांत बोट ‘शी’च असायची. लंडनच्या ‘लॉइड्स लिस्ट’ या जहाजांच्या बातम्या देणाऱ्या शतकानुशतकं जुन्या पत्रानंसुद्धा २००२ साली ती सोडून ‘इट’ लिहायला सुरुवात केली. खलाशी अजून ‘शी’ म्हणतात. मास्तर लगेच म्हणाले, “मग? न्हावा शेवाच्या बोटीला ‘शी’ चालतं, आन माझ्या मशीनला चालत नाही होय?” उत्तर माझ्याकडं नव्हतं. आम्ही मेलमध्ये दोन्हींना ‘इट’ लिहितो.

‘वी’वर आमच्या ऑफिसात सगळ्यात मोठी सभा भरली. गिऱ्हाइकाचा मेल: ‘वी विल हॅव टू बेअर द एअर फ्रेट धिस टाइम.’ माल उशिरा निघाला होता, आता विमानानं पाठवायचा, आणि भाडं ‘वी’नं सोसायचं. शेठ खूश: बघा, ते म्हणताहेत आम्ही भाडं भरू. मास्तरांनी मेलवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मनमा? मेमा?”

तेलुगूत ‘मनमु’ म्हणजे आपण, तुम्हीही त्यात आलात. ‘मेमु’ म्हणजे आम्ही, तुम्ही सोडून. मराठीच्या ‘आपण’ आणि ‘आम्ही’सारखंच. इंग्रजीच्या ‘वी’त हा भेद नाही. ‘आम्ही भाडं भरू’ असेल तर शेठचा जीव भांड्यात. ‘आपल्याला भरावं लागेल’ असेल तर अर्धं अर्धं. लाखांत फरक. अण्णा कन्नड बोलणारे. ते म्हणाले, “आमच्यात ‘नावु’ एकच. आम्ही पुढचं वाक्य ऐकून ठरवतो.” आणि खरोखर पुढचं वाक्य ऐकूनच ठरवावं लागलं, म्हणजे आधी विचारावं लागलं. ते ‘मनमु’ निघालं. अर्धं अर्धं.

तेव्हापासून पैशाच्या वाक्यात मी ‘वी’ लिहीत नाही. ‘द बायर’ आणि ‘द सेलर’ लिहिते, किंवा सरळ कंपनीचं नाव घालते. वाचायला रुक्ष वाटतं. वाटू दे. सर्वनाम बरोबर वापरणं यात ते कुठं वापरायचं नाही हेही आलं, आणि वकिली कागदांत तेच तेच नाव दहादा का येतं ते मला त्या दिवशी उमगलं.

‘आपला’चंही असंच. ‘मॅनेजरनं ड्रायव्हरला आपली बॅग दिली’ यात बॅग मॅनेजरची, यात शंका नाही. ‘त्याची बॅग’ म्हटलं की ड्रायव्हरची किंवा तिसऱ्याच कुणाची. इंग्रजीत दोन्हीला ‘हिज’. ‘हिज ओन’ म्हणून जोर देता येतो, पण दर वाक्यात तसं लिहिणं बरं दिसत नाही. मराठीनं एवढी सोय करून ठेवली आहे हे मला इंग्रजी शिकताना कळलं.

बाकीच्या किरकोळ गोष्टी पटापट झाल्या. ‘आय’ का ‘मी’ अडलं की जोडीदाराला वाक्यातून काढून बघायचं. ‘ही कॉल्ड शेठ अँड आय’ कानाला भारदस्त वाटतं, पण शेठ काढले की ‘ही कॉल्ड आय’ उरतं, आणि ते कुणीच म्हणणार नाही. म्हणून ‘शेठ अँड मी’. ‘इट्स’ची दोन स्पेलिंगं उच्चारानं एकच, देवनागरीत तर वेगळी दाखवतासुद्धा येत नाहीत. वर टिंबासारखा अपॉस्ट्रॉफी द्यायचा का, हे ठरवायला तिथं ‘इट इज’ उलगडून वाचायचं. वाक्य उभं राहिलं तर द्यायचा, कोसळलं तर नाही. ‘यॉर्स’मध्ये तो कधीच नाही, ‘यॉर्स फेथफुली’त आमच्या जुन्या प्रत्येक पत्रात तो आहे.

‘मायसेल्फ’वर मात्र बाई थांबल्या. आपल्याकडं मुलाखतीला गेलेला प्रत्येक पोरगा उभा राहून ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणतो. नवी पेठेत पूर्वी मी ज्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायचे तिथं हेच घोकून घेत. बाईंचं म्हणणं, ‘सेल्फ’वाल्या शब्दाला वाक्यात आधी त्याचा धनी लागतो. ‘आय’ येऊन गेला की ‘मायसेल्फ’ला जागा: ‘आय चेक्ड द कार्टन्स मायसेल्फ’, मी स्वतः तपासली. धन्याशिवाय तो कर्ता होऊन पुढं उभा राहू शकत नाही. ओळख करून द्यायला ‘आय अ‍ॅम’ पुरतं. इतकं छोटं वाक्य म्हणायला संकोच वाटतो म्हणून आपण लांब शब्द घेतो, असा त्यांचा अंदाज. मला तो पटतो.

हे सगळं चालू असतानाच एका नव्या गिऱ्हाइकाचा मेल आला. सहीत नावाखाली छोट्या अक्षरांत: ‘दे, तिरकी रेघ, देम’. शेठना वाटलं दोघं भागीदार आहेत. पूर्वी काही सह्यांत ‘शी, हर’ आणि ‘ही, हिम’ पाहिलं होतं, त्याचा आम्हाला उपयोगच व्हायचा, कारण परदेशी नावावरून बाई का बुवा ते आम्हाला कळत नाही. त्यांनाही आपलं कळत नाही. किरण आणि शीतल या नावांचे आपल्याकडं पुरुषही आहेत आणि बायाही. मलाही कित्येकदा ‘मिस्टर’ लावून मेल येतात. पण एका माणसाला ‘दे’?

बाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की ज्याला स्वतःला ‘ही’ही लागू वाटत नाही आणि ‘शी’ही, तो माणूस ‘दे’ निवडतो, आणि आपण त्याच्याविषयी लिहिताना तेच वापरायचं. क्रियापद अनेकवचनीच: ‘दे आर’, ‘दे हॅव’, माणूस एक असला तरी. ‘यू आर’चं झालं तेच. शिवाय एकवचनी ‘दे’ काही कालचा नाही. कोण आहे माहीत नसलं की इंग्रज चौदाव्या शतकापासून ‘दे’ म्हणत आलेत: कुणीतरी छत्री विसरलं, तर ‘समवन लेफ्ट देअर अम्ब्रेला’. मधल्या काळात व्याकरणवाल्यांनी ते चूक ठरवून अशा ठिकाणी ‘ही’च लिहा असा आग्रह धरला, आणि कायद्यानंही तेच उचललं. २०१९ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशानं ‘दे’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. त्या वर्षी तो शब्दकोशात शोधणारे खूप वाढले होते, आणि त्यामागं सहीतल्या ‘दे’सारखा वापर होता.

बाईंचे धाकटे भाऊ वकील, तेव्हा तिथं बसले होते. ते म्हणाले, कायद्यातला ‘ही’ बघ कसा रुंदावला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत आठवं कलमच होतं की ‘ही’ हे सर्वनाम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू. त्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तीच व्याख्या आहे, पण स्त्री-पुरुषांबरोबर तृतीयपंथी व्यक्तीही स्पष्ट शब्दांत आली. एका ‘ही’च्या पोटात तिघं. गिऱ्हाइकाच्या सहीतला ‘दे’ त्यामानानं साधा, असं ते म्हणाले.

ऑफिसात मी हे शेठना सांगितलं. मला वाटलं होतं, बराच वेळ जाईल. शेठ म्हणाले, “म्हणजे ‘ते’ म्हणायचं. आपण तर सगळ्यांनाच म्हणतो.” आणि पुढच्या फायलीकडं वळले. आदराचा ‘ते’ आणि हा ‘दे’ एक नव्हेत, हे मी बाईंकडून ऐकून आले होते. पण मराठी जिभेला एका माणसासाठी अनेकवचन नवं नाही, एवढं शेठचं बरोबर होतं. त्या गिऱ्हाइकाचे मेल बाकीच्या खात्यांना पाठवताना मी आता सहज लिहिते, ‘दे हॅव अप्रूव्हड द शेड’, म्हणजे रंगाची छटा मंजूर. फक्त त्याच वाक्याच्या शेजारी ‘कार्टन्स’ किंवा ‘सॅम्पल्स’ येऊ देत नाही, नाहीतर बाणाला पुन्हा दोन जागा. तिथं नावच घालते.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या हाताखाली एक मुलगा आला. हुशार आहे. मराठीत लिहितो, मोबाईलमध्ये टाकतो, इंग्रजी काढतो. त्यानं लिहिलं होतं, ‘शेठ मुंबईला गेलेत. आल्यावर सॅम्पल बघतील. मग कळवतो.’ तीन वाक्यं, सर्वनाम एकही नाही, आणि मराठीत सगळं लख्ख. मोबाईलला मात्र रिकाम्या जागा आपल्या मनानं भराव्या लागल्या: ‘व्हेन आय कम, दे विल सी द सॅम्पल. देन ही विल लेट यू नो.’ येणारा मी, बघणारे अनेकजण, कळवणारा तिसराच. मी प्रिंट काढून दिली, लाल पेन दिलं आणि म्हटलं, “बाण काढ.”

पहिल्या दोन बाणांना तो म्हणाला, “ताई, हे तर भलतीकडंच चाललेत.” मग त्यानं स्वतःच लिहिलं, ‘व्हेन ही रिटर्न्स, ही विल चेक द सॅम्पल्स, अँड आय विल राइट टू यू.’ पाठवायच्या आधी त्याचं बोट थांबलं.

“सीसीत शेठ आहेत. ‘ही’ ठेवू?”

“ठेव,” म्हटलं, “आणि वरती ‘मिस्टर’ लाव.”